कपारीला दार नसतं

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'कार्यकर्ती आणि भीती' असा विषय दिला. त्यांच्या मनात बहुधा पोलीस ठाणं, गावातले पुढारी, रात्रीची एस.टी. असं काही असणार. त्याबद्दल आपण नेहमी बोलतो आणि बोलायलाच हवं. पण मी आज गुहांबद्दल बोलणार आहे. काहीजणी हसताहेत, ते दिसतंय मला. दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली काही वर्षं अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले आणि पारनेर तालुक्यांत बायकांच्या गटांबरोबर काम करते. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघते. बाहेरून मी धीट दिसते, म्हणजे तसं लोक म्हणतात. पण मला बंद जागेची भीती वाटते. लिफ्ट टाळून मी चार जिने चढते. लॉजवर उतरले की संडासाच्या दाराला आतून कडी लावताना हात थांबतो. याचं कारणही मला ठाऊक आहे. लहानपणी आमच्या घरात शिक्षा म्हणून अडगळीच्या खोलीत कोंडायचे. धान्याच्या कणग्या, तुटकी खुर्ची, अंधार आणि बाहेरून घातलेल्या कडीचा आवाज. तो आवाज अजून कानात आहे. कोंडणारी माणसं वाईट नव्हती. तेव्हा बऱ्याच घरांत असंच चालायचं. मला हे माहीत असूनही भीती गेली नाही, एवढंच सांगते.

आता गुहेकडे येते. अकोले तालुक्यात एका वाडीवर पाहणीसाठी गेले होते. परतताना डोंगराच्या कडेनं चालत असताना वळवाच्या पावसानं गाठलं. बरोबर वाडीतली एक मावशी होती, शेळ्या घेऊन निघालेली. ती शेळ्यांसकट एका कपारीत शिरली. कपार म्हणजे तोंडाशी पुरुषभर उंच आणि आत गेलं की वाकावं लागेल अशी. मी बाहेर उभी राहून भिजत होते. विजा चमकत होत्या. मावशीनं दोनतीनदा हाक मारली. मी म्हटलं, "मला कोंडल्यासारखं होतं हो आत." ती अगदी साधेपणानं म्हणाली, "कपारीला कुठं दार असतंय, बाई, कोंडायला?"

त्या दिवशीही मी पूर्ण आत गेले नाही. तोंडाशी, शेळ्यांच्या मध्ये उकिडवी बसले. पण ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. कोंडणं आणि आत जाणं यांत फरक आहे. कडी कोणाच्या हातात आहे, हा तो फरक. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका सांगतात की खोलीत कोंडलं, गोठ्यात कोंडलं, फोन काढून घेतला. कायद्यानं हा गुन्हा आहे. बेकायदा डांबून ठेवण्याचं कलम पूर्वी भारतीय दंडसंहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १२७ म्हणून आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही दाद मागता येते. हे मी बायकांना पाठ म्हणून दाखवत होते. पण कोंडलेल्या बाईच्या अंगात उरलेल्या भीतीचं काय करायचं, ते मला माझ्यापुरतंही कळलेलं नव्हतं.

मग आम्ही चौघी सहकारी मैत्रिणींनी ठरवलं की टप्प्याटप्प्यानं जाऊ. मी ठरवलं खरं, पण आठवडाभर पोटात गोळा होता.

पहिला टप्पा आम्ही अगदी सोपा निवडला. पारनेर तालुक्यात कल्याण रस्त्यावर टाकळी ढोकेश्वर आहे. तिथलं लेणं साधारण सहाव्या शतकातलं मानतात. खडकात कोरलेला मोठा मंडप, भरपूर उजेड, समोर खांब. आत बाजूच्या भिंतीवर सप्तमातृकांचा पट आहे. सातजणी एका ओळीत बसलेल्या. गाभाऱ्याभोवती खडकातूनच काढलेली प्रदक्षिणेची वाट आहे आणि मागच्या बाजूला तिच्यात अंधार आहे. ही वाट म्हणजे माझी पहिली गुहा. नवशिकीला यापेक्षा चांगली शाळा नाही. अंधाराकडे जाणारी पावलं मोजता येतात, वळलं की पुन्हा उजेड येतो, पायाखाली सपाट. पहिल्यांदा मी अर्ध्यातून मागे फिरले. दुसऱ्यांदा मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून गेले. तिसऱ्यांदा एकटी गेले, भिंतीला हात लावत. बाहेर येऊन सप्तमातृकांसमोर बसून डबा खाल्ला. बस, इतकंच. त्या दिवशी यापेक्षा जास्त काही करायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

दुसरा टप्पा त्याच तालुक्यातलं वडगाव दर्या. गावाजवळच्या खोल दऱ्यात दर्याबाई आणि वेल्हाबाई या देवींचं ठाणं आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं. तिथली गुहा माणसानं कोरलेली नाही, निसर्गानं घडवलेली आहे. छतातून क्षारांचे सुळके खाली लोंबतात आणि काही ठिकाणी खालून वर वाढतात. त्यांना लवणस्तंभ म्हणतात. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात हे विरळाच. आपला डोंगर बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. एकावर एक थर साचत गेले. दोन थरांमधला मऊ, लालसर मातकट पट्टा पावसापाण्यानं झिजतो आणि वरचा कठीण कातळ छपरासारखा पुढे राहतो. आपल्या बहुतेक कपारी अशा तयार झाल्या. लांबच लांब भुयारी गुहा बहुधा चुनखडीच्या खडकात तयार होतात, कारण तो पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात विरघळतो. मेघालयात तसा खडक आहे, म्हणून तिथली क्रेम लियात प्रा ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. क्रेम म्हणजे खासी भाषेत गुहा. आपल्याकडे एवढं मोठं काही नाही. घाबरट माणसाच्या दृष्टीनं ही सोयच.

वडगाव दर्याला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. छताकडे बघताना मी घाबरायची विसरले होते. पाण्याचा थेंब सुळक्याच्या टोकाशी जमतो, थांबतो, पडतो, आणि मागे क्षाराचा कण ठेवतो. एवढं वाढायला किती पिढ्या गेल्या असतील, याचा विचार करत होते आणि माझा श्वास आपोआप सावकाश झाला. भीतीला नुसतं 'जा' म्हटलं तर ती जात नाही. डोळ्यांना काम दिलं की ती थोडी बाजूला सरते, असा माझा अनुभव आहे. तिथल्या सुळक्यांना हात लावू नका, तुकडा तर कधीच तोडू नका. हाताचा घाम, तेल लागलं की वाढ खुंटते.

आता मी माझ्या चुकीकडे येते. खरं सांगायचं तर आज इथे बोलायला उभी राहिले ती त्यासाठीच.

दोन यशस्वी फेऱ्या झाल्यावर मला हुरूप आला. गटातल्या बारा बायकांचं शिबिर आम्ही अकोले तालुक्यात घेतलं. एका सकाळी सगळ्याजणींना घेऊन त्या मावशीनं दाखवलेल्या दुसऱ्या एका कपारीत गेलो. ही थोडी खोल, मध्ये चारपाच हात रांगत जावं लागतं, मग आत बसता येईल एवढी जागा. अकराजणी आत आल्या. एकजण बाहेरच थांबली. तिला सासरी दोन दिवस गोठ्यात कोंडलं होतं, ती केस आमच्याकडेच होती. ती म्हणाली, "मी नाही येत." मी म्हटलं, "बरं." तेवढं तरी बरोबर केलं.

आत गेल्यावर मला वाटलं, आता बायकांना खरा अंधार दाखवावा. कोणाला न विचारता मी म्हटलं, "सगळ्या विजेऱ्या बंद!" आणि स्वतःच भराभर हात लांबवून दोघीतिघींच्या बंद केल्या. हेतू वाईट नव्हता. शहरातल्या शिबिरांत मी असे खेळ पाहिले होते. गुहेतला अंधार आपल्या रात्रीसारखा नसतो. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसत नाही आणि कितीही वेळ थांबलं तरी डोळे सरावत नाहीत, कारण सरावायला उजेडाचा कणच नसतो. पाचसहा सेकंद शांतता होती. मग एक मुलगी, विशीतली, जोरात ओरडली आणि उठायला गेली. तिचं डोकं छताला आपटलं. दुसरी रडायला लागली. मी विजेरी लावायला गेले तर ती हातातून निसटली. आणि मैत्रिणींनो, मग माझ्या छातीवर तीच कडी पडली. मला श्वास घेता येईना. बारा बायकांची जबाबदारी घेतलेली मी, समूहकार्याचा पेपर पहिल्या वर्गात पास झालेली, गुडघ्यावर बसून जमीन चाचपत होते.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. गोठ्यात कोंडलेली ती बाई कपारीच्या तोंडाशी वाकून सांगत होती, "मी हितंच आहे. रस्ता मोकळा आहे. उजेड दिसतोय का माझ्याकडचा? एकेकीनं या." तिनं स्वतःची विजेरी आतल्या बाजूला धरली होती. ती शांतपणे तेच तेच बोलत राहिली. कोणीतरी आतली विजेरी लावली. आम्ही एकेक करून रांगत बाहेर आलो. तिनं मोजल्या. अकरा आणि मी.

मुलीच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं, जखम नव्हती. पण ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. रात्री सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली. तेव्हा ती जे म्हणाली ते मी वहीत लिहून ठेवलंय. ती म्हणाली, "ताई, अंधाराचं काही नाही. तुम्ही माझी बत्ती माझ्या हातातून बंद केलीत." मला कोंडणाऱ्या माणसांनीही 'तुझ्या भल्यासाठीच' म्हटलं होतं. मी वेगळं काय केलं होतं? भीती घालवायच्या नादात मी दुसऱ्याच्या दाराची कडी हातात घेतली होती.

हे फक्त गुहेपुरतं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आपण किती वेळा बाईला घाईनं म्हणतो, "तक्रार दे, घाबरतेस काय?" तक्रार योग्य असेल, पण वेळ तिनं ठरवायची असते. तिची बत्ती तिच्या हातात राहायला हवी.

त्यानंतर आम्ही नियम केले. ते सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजणी जातील अशी मला आशा आहे.

कोणीही, कुठल्याही क्षणी, कारण न सांगता परत फिरू शकते, आणि तिच्याबरोबर एकजण बाहेर येते. 'एवढ्यात?' असं कोणी विचारायचं नाही. विजेरी जिची तिनेच लावायची आणि विझवायची. चारपेक्षा कमी जणींनी जायचं नाही. एकीला लागलं तर एकजण तिच्याजवळ थांबते, दोघी मदत आणायला जातात. प्रत्येकीजवळ दोन तरी विजेऱ्या हव्यात आणि वेगळे सेल. एक डोक्याला बांधायची असेल तर हात मोकळे राहतात. डोक्यावर हेल्मेट, गावात स्कूटरचं मिळेल ते चालेल, काहीच नसल्यापेक्षा बरं. साडी नको, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी कमरेला घट्ट बांधा. रांगायला गुडघ्यावर जाड कापड बांधलं की पुरतं. गावात कोणालातरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला या.

आणि तोंडाशी एकजण बसलीच पाहिजे. हे काम आम्ही आधी उरलेल्या बाईचं समजत होतो. आता ते सर्वांत महत्त्वाचं काम समजतो. ती वेळ बघते, आभाळ बघते, मोजते.

आभाळ का, तर पावसामुळे. २०१८ मध्ये थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले ते जून महिन्यात, आत असताना पावसाचं पाणी चढल्यामुळे. १० जुलैला शेवटची मुलं बाहेर आली. त्या बचावकार्यात एका पाणबुड्याचा जीव गेला. आपल्याकडेही पावसाळ्यात घळीत, नाळेत, सांदण दरीसारख्या अरुंद जागी उतरायचं नाही. पाऊस वरच्या डोंगरावर पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं.

आणखी काही धोके. आग्या मोहोळ असेल तिथून हळूच मागे फिरायचं, अत्तर लावायचं नाही, धूर करायचा नाही. बिबट्या किंवा सायाळ असते का, हे गुराख्यांना आधी विचारायचं. वटवाघळं दिसली तर गोंगाट करायचा नाही आणि त्यांच्या विष्ठेची धूळ उडवायची नाही, ती छातीत गेली तर आजार होऊ शकतो. खोल खड्डा, बुजलेली विहीर, बंद टाकं यांत कधीही उतरायचं नाही. तिथे हवा कुबट असते आणि माणूस गुदमरतो. आपण कपारीत आडवं जाणाऱ्या बायका आहोत. दोरानं खाली उतरायचं असेल तर आधी जाणत्या माणसाकडे रीतसर शिकायचं.

लघवी आणि पाळीचंही बोलून ठेवा. शिबिरात त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि मग बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. आत जायच्या आधी आडोसा शोधून सगळ्यांनी जाऊन यायचं. एका फेरीत एक ताई माझ्या कानात म्हणाली, "मला आलीय. आत देव असेल का?" ती कपार साधीच होती. पण रात्री आम्ही त्यावर दोन तास बोललो. तुमच्या गटातही तो विषय निघेल. निघू द्या.

आत जाण्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी जायचं की नाही, यावर केवढा गदारोळ झाला. उच्च न्यायालयानं कायद्यात भेदभावाला जागा नाही असं म्हटल्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये तो सर्वांना मोकळा झाला. त्यानंतर किती बायका गेल्या आणि किती गेल्या नाहीत हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. न जाण्याचा निर्णयही आता त्यांचा आहे. तो आधी त्यांचा नव्हता.

बायकांना हे जमतं का, असं कोणी विचारलं तर एक गोष्ट सांगा. २०१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत माणसाच्या पूर्वजांसारख्या प्राण्याची हाडं सापडली. तिथे पोचायची फट सर्वांत अरुंद जागी जेमतेम अठरा सेंटिमीटर होती, म्हणजे आपली वीतभर. शास्त्रज्ञ ली बर्गर यांना स्वतःला आत शिरता येत नव्हतं. त्यांनी अंगानं बारीक, शास्त्र जाणणारी आणि अडचणीच्या जागेची भीती नसलेली माणसं हवीत असं जाहीर केलं. निवडल्या गेल्या त्या सहाही स्त्रिया. त्यांनी आत पोटावर झोपून हाडं गोळा केली आणि होमो नालेदी ही नवी जात जगाला कळली. मी त्या सहाजणींत बसले नसते, भीतीच्या अटीवरच गळाले असते. पण कुठेतरी बायकांच्या लहान चणीला किंमत आली, हे वाचून मला बरं वाटलं.

आणि आपल्या मावशीचं काय? तिला त्या डोंगरातली प्रत्येक कपार ठाऊक आहे. कुठली कोरडी राहते, कुठे पाणी झिरपतं, कुठे सरपण ठेवता येतं. हरिश्चंद्रगडावरचं केदारेश्वर, कमरेइतक्या गार पाण्यातली ती पिंड आणि चारांपैकी उरलेला एक खांब बघायला आता शनिवार-रविवारी गर्दी असते. मी पाहते त्या वाड्यांवर वाट दाखवायचे पैसे बहुधा गावातल्या पोरांना मिळतात. बायकांच्या वाट्याला भाकरी थापायचं काम येतं. आमच्या फेऱ्यांना आम्ही मावशीला वाटाड्याची मजुरी देतो, पुरुषाला देऊ तेवढीच. पहिल्यांदा ती घ्यायला तयार नव्हती. म्हणाली, "शेळ्यांमागं फिरून कळलं ते, त्याचं काय पैसं घ्यायचं?" आता घेते, आणि मोजून घेते.

शेवटी माझ्याबद्दल. माझी भीती गेलेली नाही. लिफ्ट मी अजून टाळते. पण रांगत जायच्या जागेशी आले की मी मोठ्यानं सांगते, "मला भीती वाटतेय, जरा थांबा," आणि सगळ्याजणी थांबतात. लहानपणी त्या खोलीत मला हे म्हणता आलं असतं आणि कोणी थांबलं असतं, तर एवढंच हवं होतं.

ती गोठ्यात कोंडलेली बाई आजपर्यंत एकाही कपारीत शिरलेली नाही. आम्ही तिला म्हणतही नाही. प्रत्येक फेरीला ती येते, तोंडाशी बसते, आम्हाला मोजते. पुढच्या फेरीला पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर जायचं ठरलंय. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणानंतर मला भेटा. बाहेर बसायला येणाऱ्याही चालतील. त्यांची आम्हाला जास्त गरज आहे.